रातांबे घेऊन डोंबिवलीला

ठाण्या-डोंबिवलीला जाण्याला कुणी प्रवास म्हणत नाही. आमच्या देवरुखातली निम्मी घरं तिकडेच आहेत. मे महिन्यात ती माणसं इकडे येतात, आंबे-फणस खातात, विहिरीच्या पाण्याचं कौतुक करतात आणि परत जातात. ऐन मे महिन्यात उलट दिशेने निघालेली मी एकटीच असावे. एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "लग्नाला का?" मी म्हटलं, "नाही, यंत्राचं काम आहे." त्यानंतर त्या खिडकीबाहेरच बघत राहिल्या.

पायाशी करंडी होती आणि करंडीत दीडशे रातांबे. ज्यांनी कोकम फक्त आमटीत पाहिलं आहे त्यांच्यासाठी सांगते. रातांबा म्हणजे कोकमाचं ताजं फळ, लिंबाएवढं, पिकलं की गडद लाल. ते फोडून आतल्या मोठाल्या बिया काढायच्या, साल मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची. आमचा हा धंदा तीस वर्षांचा. त्यातलं फोडणं हे खरं कष्टाचं. आंबट रसाने बोटं काळी पडतात, अंगठ्याला चिरा जातात आणि जेवताना तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. पूर्वी आमच्या पडवीत अकरा बायका फोडायला बसायच्या. यंदा तिघीच होत्या, त्यातली एक मी.

आमचे हे पाच वर्षं रातांबे फोडायचं यंत्र करत होते. मार्गशीर्षात हे गेले. अचानकच. यंत्राचा सांगाडा पडवीत राहिला, फोडणारा भाग ठाण्याकडे कुठेतरी दुरुस्तीला दिलेला होता. वैशाख आला तसे रातांबे पिकले, ते काही कुणासाठी थांबत नाहीत. मुलगी बंगळुराहून फोनवर म्हणाली, "आई, बंद कर आता, हात बघ तुझे." मी मनाशी ठरवलं की हंगाम संपायच्या आत यंत्र चाललं तर धंदा ठेवायचा, नाही तर पडवीला कुलूप घालायचं.

यंत्राचं काम ठाण्याकडे चालतं एवढंच मला ठाऊक होतं. कुणाकडे, ते हे कधी बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. त्यांच्या सामानात एक पातं सापडलं. त्याच्या कागदी पाकिटावर वागळे इस्टेटचा पत्ता होता, तेवढ्यावर निघाले.

बाळकुम

उतरले ठाण्यात पुतण्याकडे. निलेशचं घर एकोणिसाव्या मजल्यावर आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने करंडीकडे बघून विचारलं, "डिलिव्हरी आहे का?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, मी काकू आहे." त्याने मोबाईलमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "काकू असा ऑप्शन नाही. गेस्ट टाकू का?" शेवटी गेस्ट म्हणून वर गेले. ही गंमत ह्यांना सांगायची म्हणून मी मनात नीट घडी घालून ठेवली, आणि लिफ्टमध्ये पाचव्या-सहाव्या मजल्याच्या आसपास लक्षात आलं की सांगायला माणूस नाही. पुढच्या चार दिवसांत असं किती वेळा झालं ते लिहीत बसत नाही.

निलेश आणि त्याची बायको मृणाल, दोघंही प्रेमळ आहेत. सकाळी आठला बाहेर पडताना मृणाल म्हणाली, "काकू, आरामात राहा हं. एसी लावा, टीव्ही लावा, सोलकढी पण आणून ठेवलीय तुमच्यासाठी." सोलकढी खोक्यात होती, गुलाबी, लहान मुलांच्या औषधाच्या रंगाची. देवरुखच्या कोकमवालीला खोक्यातली सोलकढी म्हटल्यावर मला हसू आलं. मग ती एकटीने प्यायले.

गॅलरीतून खाली बघितलं तर दोन इमारतींच्या मधे जुन्या बाळकुमातली दहा-बारा कौलं उरलेली दिसतात. तिथे कुणी पायरीवर बसलेलं दिसतंय का, म्हणून मी बराच वेळ बघत होते. आमच्याकडे दुपारी दार लोटलेलं दिसलं तर माणसं चौकशीला येतात. इथे मजल्यावर चार दारं, चारही बंद, आणि प्रत्येकाबाहेर चपलांचं सुबक कपाट.

घोटाळा दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. करंडी जवळपास रिकामी होती. "अगं मृणाल, रातांबे?"

"फ्रीजमध्ये ठेवलेत ना काकू. म्हटलं, खराब होतील."

रातांबा रात्रभर जमिनीवर पसरून ठेवायचा असतो. साल जरा मऊ पडली की तो फोडायला येतो. थंडीने साल ताठते आणि चामड्यासारखी होते. शंभराच्या वर फळं गेली. तिचा चेहरा एवढा पडला की मी म्हटलं, "असू दे गं, उरलेत तेवढे पुष्कळ आहेत." उरले होते अठ्ठावीस.

वागळे इस्टेट

पात्याचा मालक पांचाळ. मूळचा राजापूरचा, त्यामुळे पहिली दहा मिनिटं गाव, वाडी आणि कोण कुणाचा यातच गेली. त्याच्या गाळ्यात वेफर्सची, चिवड्याच्या पोह्यांच्या यंत्राची, पाव कापायची अशी नाना पाती टांगलेली होती. एक पातं नागमोडी होतं. मी विचारलं, "हे तुम्ही शोधून काढलंत?"

"मी कसला शोधतोय वहिनी! फरसाणवाला येऊन शिव्या घालून गेला. बोलला, तुझ्या पात्याने बटाट्याच्या चकत्या एकमेकीला चिकटतात. मग वाकवून बघितलं. सहा वेळा फुकट गेलं, सातव्याला जमलं. गिऱ्हाईक गोड बोलायला लागलं ना, की आपला माल जुना झाला समजा."

पाकिटातलं पातं त्याने अंगठ्यावरून फिरवलं. "हे माझंच. पाच-सहा नेली होती त्यांनी. प्रत्येक वेळी सांगायचे, आणखी धार पाहिजे. मी बोललो होतो, साहेब, धारेचं दुखणं नाही हे, दुसरं काहीतरी आहे. पण ते ऐकणारे नव्हते." मग माझ्या कपाळाकडे बघून तो ओशाळला. मी म्हटलं, "खरं तेच बोललात. ऐकणारे नव्हतेच." त्याने एका बिलामागे डोंबिवलीचा पत्ता लिहून दिला. म्हात्रे, एमआयडीसीच्या मागची गल्ली.

डोंबिवली

शीळफाट्याला बस पाऊण तास उभी होती. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

जनार्दन म्हात्रे हे तिथले मूळचे. पूर्वी घरची भातशेती होती, आता त्याच जमिनीवर गाळे आहेत. भावांनी गाळे भाड्याने दिले, म्हात्र्यांनी स्वतःच्या वाटणीच्या गाळ्यात लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशिन, टाकला. पन्नाशीचे, हातावर तेलाचे डाग. मी नाव सांगितलं तसे ते उठून उभे राहिले.

"या वैनी, या! अनंतराव कुठं हायेत? दिवालीनंतर पार्ट टाकून गेले ते परत आलेच नाय. फोन बी लागत नाय."

त्यांना माहीतच नव्हतं. गावात कुणाला सांगायची वेळच आली नव्हती, सगळे दारातच होते. तेव्हा 'ते गेले' हे वाक्य मी पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं ते डोंबिवलीत, लेथच्या आवाजात, आणि आवाजामुळे ते मला दोनदा म्हणावं लागलं. म्हात्र्यांनी हात करून लेथ बंद करायला लावला. 

मग त्यांनी मला एक कपाट दाखवलं. लोखंडी, दार नसलेलं. त्यात फसलेले पार्ट मांडून ठेवलेले. प्रत्येकाला तारेने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी: काय करून बघितलं, कशामुळे फसलं आणि ते कारण कुणाला सापडलं. मग तो गिऱ्हाईक असो, कामगार असो की झाडू मारणाऱ्या मावशी. खरंच एका चिठ्ठीवर नुसतं 'मावशी' एवढंच होतं.

"चाललेला पार्ट गिऱ्हाइकासंगं जातो," म्हात्रे म्हणाले, "आमच्याकडे र्‍हातो तो फसलेला. भंगारात नाय द्यायचा. माझ्या बाची शिस्त. नवा माणूस कामाला आला का पहिले आठ दिवस ह्या चिठ्ठ्या वाचायच्या. आणि दसऱ्याला पयला फुल ह्याला, मंग मशिनला."

मोठ्या कारखान्यात नवं काही काढायला वेगळं खातं असतं म्हणतात. इथे ते खातं म्हणजे हे कपाट. खालच्या फळीवर ह्यांचं अक्षर होतं. चार पाती, चार चिठ्ठ्या. 'बी चिरली, साल कडू.' 'रस उडाला, सालीच्या चिंध्या.' 'धार वाढवली, तेच.' चौथीवर नुसतं 'तेच'. शोधणारा, अनंत. आमच्या घरात ह्यांनी स्वतःची चूक कबूल केल्याचं मला एकदाही आठवत नाही, आणि इथे चार-चार लेखी. खरं सांगते, दुःखाच्या आधी मला रागच आला.

पाचवा भाग, दुरुस्तीला दिलेला तो, चिठ्ठीशिवाय होता. त्याची वेळच आली नव्हती.

"पण मना एक कळला नाय," म्हात्रे म्हणाले. "इथं तर मस्त चालायचा. शंभरातले शंभर. गावाला नेला का फेल."

"इथे रातांबे कुठून आणायचे?"

"रातांबे कुठले वैनी! दिवालीनंतर यायचे ते. आमी टोमॅटोवर चालवायचो. अनंतराव बोल्ले, साधारण तसाच अस्तो."

टोमॅटो! हंगामात यांना पडवीतून हलता यायचं नाही, म्हणून यंत्राचं काम हिवाळ्यात. हिवाळ्यात रातांबा नाही, म्हणून टोमॅटो. मेमध्ये यंत्र घरी आलं की पहिल्या तासात रातांब्यांचा लगदा, आणि मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत गप्प बसणं. म्हात्र्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. त्यांच्याकडे कालवणात चिंच घालतात, कोकम घरात येतच नाही. दुपारी त्यांच्या घरून तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण आलं. भाकरी अगदी आमच्यासारखी आणि कालवणाचा आंबटपणा वेगळाच. चव छान होती, पण घास घेताना मला सारखं वाटत होतं की दोन आमसुलांवाचून हे अडलंय. तेवढ्यापायी पाच वर्षं गेली.

जेवणानंतर म्हात्र्यांनी पाचवं पातं गाळ्यातल्या कामचलाऊ सांगाड्यावर बसवलं आणि आम्ही त्याच्यावर माझे आठ रातांबे लावले. कटकट असा आवाज आला. बिया चिरल्या जात होत्या. आवाजावरूनच मी सांगितलं, "फसलं."

म्हात्र्यांची मुलगी प्रणाली इंजिनिअर झालेली आहे आणि बापाच्याच गाळ्यात कोपऱ्यात कॉम्प्युटर घेऊन बसते. ती उठून आली. "काकू, एक मिनिट. तुम्ही हाताने कसं करता? मला करून दाखवा ना."

मी एक रातांबा घेतला आणि फोडला. तिने मोबाईल काढला. "अजून एकदा. स्लो करा. अंगठा कुठे जातोय तुमचा?" तिसऱ्या वेळी ती ओरडलीच, "बाबा, ह्या कापतच नाहीयेत! फक्त सालीवर गोल चीर देतात आणि दोन्ही हातांनी उलटसुलट पिळतात. बिया तशाच बाहेर! आपण पाच वर्षं काय कापत बसलोय यार?"

मला रडू फुटलं. त्यांना वाटलं ह्यांच्या आठवणीने. ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. तीस वर्षांत 'तू कसं करतेस' असं मला कुणी विचारलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. तिसऱ्या वर्षी यंत्र अंगणात सुरू झालं तेव्हा मी जवळच उभी होते. पातं बियांपर्यंत जातंय, तिथेच चुकतंय, हे मला त्याच क्षणी दिसलं होतं. मी तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "तू बाजूला हो, मशिनमधलं तुला काय कळतंय." मी बाजूला झाले. म्हटलं, कळत नाही ना, मग करा तुमचं तुम्ही. येतील विचारायला. त्यानंतरची दोन वर्षं मी पानात भाजी वाढताना, कोकमं वाळत घालताना, वाट बघत होते. हे आले नाहीत आणि मीही गेले नाही.

मोहने

फळ न चेमटता धरायला दोन मऊ वाट्या हव्या होत्या, एक वर, एक खाली. प्रणालीने आकार काढून दिला आणि कल्याणच्या पुढे मोहन्याला गायकवाडांकडे पाठवलं. त्यांचे वडील तिथल्या जुन्या रेयॉनच्या कारखान्यात होते. गायकवाड स्वतः राहत्या घरातल्या दोन खोल्यांत रबराचे, सिलिकॉनचे छोटे पार्ट ओततात. कुकरच्या रिंगा, मिक्सरच्या झाकणांचे वॉशर, असलं सगळं.

"मऊ म्हणजे किती मऊ?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. तेव्हा त्यांच्या पत्नी रेखाताई पुढे आल्या, माझा अंगठा हातात घेतला, पेर दाबून बघितलं आणि मग खोक्यातले तुकडे एकेक दाबत गेल्या. "अहो, हा नाही. हा कडक होतोय. ह्याच्याखालचा द्या."

"ह्याच्याखालचा टिकायचा नाही."

"टिकेल. कडेला जाड ओता, मधे पातळ."

गायकवाडांनी दोन सेकंद विचार केला आणि म्हणाले, "हां, तसं होईल." एवढंच बोलून कामाला लागले. संध्याकाळी या म्हणाले तरी मी तिथेच बसून राहिले. ते ओतत होते, त्या कडा कापत होत्या, मधेच "अहो" आणि "हां". भांडत नव्हती आणि गोडही बोलत नव्हती. मला त्या दोघांचा इतका हेवा वाटला की रेखाताईंनी पुढे केलेली भाकरी आणि भरीत मला धड गिळवेना. त्या म्हणाल्या, "तिखट झालं का?" मी म्हटलं, "अंगठ्याला चिरा आहेत ना, झोंबतंय."

पुन्हा डोंबिवली

चौथ्या दिवशी सकाळी वाट्या बसवल्या. मी आणलेलं पाकिटातलं पातं म्हात्र्यांनी घासून इतकं उथळ केलं होतं की सालीपलीकडे ते जाऊच नये. रातांबे उरले होते सतरा, त्यातले पाच मऊ पडून गळायला लागलेले. बारा फळांत हंगामाचं काय ते ठरायचं होतं.

पहिला निसटून प्रणालीच्या पायाशी गेला. दुसऱ्याची साल फाटली. म्हात्र्यांनी वाटी दोराभर खाली घेतली. तिसऱ्यावर गोल चीर पडली, वाट्या उलटसुलट फिरल्या, आणि फळ उघडलं. बियांचा गोळा अख्खा खाली पडला. चौथा. पाचवा. प्रणाली मोठ्याने मोजत होती. बारातले नऊ. बी एकही चिरली नाही.

मी उजवीकडे वळून बघितलं. हे नेहमी माझ्या उजव्या बाजूला उभे असायचे. तिथे ड्रिलचं मशिन होतं.

यंत्र आता आमच्या पडवीत चालतंय, हे इथेच सांगून टाकते. वाट्या दर आठवड्याला पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात, आणि फळ रात्रभर पसरून ठेवलेलं नसेल तर ते अजूनही हट्ट करतं. कुलूप घातलं नाही. माझ्या अंगठ्याच्या चिरा भरत आल्या आहेत. मे संपताना वाडीतल्या दोन मुली यंत्रावर बसायला आल्या. त्यातली एक पहिल्याच दिवशी म्हणाली की फळं सरकवायची पाटी जरा तिरकी केली तर पाठ दुखणार नाही. मी लगेच खाली विटा लावल्या.

त्या दिवशी डोंबिवलीहून निघताना मी म्हात्र्यांना म्हटलं, "तो पाचवा भाग मला द्या. ह्यांच्या हातचा शेवटचा आहे."

त्यांनी मान हलवली. "यंत्र न्या वैनी, माझा लेथ मागा, पण ह्या कपाटातला नाय मिलनार. अनंतराव इथंच र्‍हातील. नवीन पोरं वाचतील त्यांना." मग त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. "चिठ्ठी तेवढी र्‍हायलीय. कारण तुमाला सापडला, तुमी लिवा."

काय करून बघितलं ते मी भरभर लिहिलं. पातं, पाचवं. कारणापाशी थांबले. टोमॅटो लिहिता आलं असतं. बी चिरली लिहिता आलं असतं, ते खरंही होतं. मी लिहिलं, 'घरी विचारलं नाही.' बरं वाटलं. ते बरं वाटणं फार वेळ टिकलं नाही. पेन परत द्यायला म्हात्र्यांनी हात पुढे केला होता, पण मी दिलं नाही. त्याच ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली, 'घरातून सांगितलंही नाही.'

खाली कारण सापडलेल्याचं नाव लिहिलं. सुमती. म्हात्र्यांनी वाचलं, तार ओवली, आणि ह्यांच्या चार चिठ्ठ्यांशेजारी ती बांधून टाकली.